खालची टाळी

कोठीतल्या मराठी वाचनालयाच्या फळ्यावर ती जाहिरात आधी सुशीलाबाईंनीच वाचली. 'समुद्रकाठची दोन गावं आणि डोंगरावरचे महाल, एका दिवसात. माहिती मराठीतून. नाश्ता आमच्याकडे. रविवारी सकाळी आठ वाजता आबिड्सच्या पोस्टापासून बस सुटेल.' खाली सही होती, उमाजीराव, निवृत्त इतिहास शिक्षक.

"हैदराबादला समुद्र कुठला गं?" त्यांनी सुनेला विचारलं.

"काय माहीत, आई. दीड वर्षात मी तारनाका सोडून काही पाहिलंच नाही," मेधा म्हणाली. ते खरंच होतं. अविनाशला इथल्या नव्या संगणक कंपनीत नोकरी लागली, पुण्याचं बिऱ्हाड तारनाक्याला आलं, तेव्हा चिन्मय चार महिन्यांचा होता. आता तो एक वर्ष दहा महिन्यांचा झाला होता, आणि या सगळ्या काळात मेधाचं जग म्हणजे दोन खोल्या, एक गच्ची आणि घरामागून जाणारी रेल्वेची लाइन.

तिकिटं काढली त्या दिवशी सगळे खुशीत होते. सुशीलाबाईंना पुण्याहून येऊन तेव्हा दोनच दिवस झाले होते. तिसऱ्या दिवशी मेथी निवडता निवडता त्या सहज विचारावं तसं म्हणाल्या, "मेधा, ह्याला ऐकू येतं ना गं नीट?"

मेधाच्या हातातली जुडी तशीच राहिली.

चिन्मय पलीकडे डबे एकात एक घालत बसला होता. सुशीलाबाईंनी त्याला मागून हाक मारली. चिनू. चिन्मय. अरे राजा. त्याने मान वर केली नाही. शेजारच्या घरात ह्याच्याहून महिन्याने लहान मुलगी 'अम्मा, पालू' म्हणून दूध मागत होती. हा मात्र अजून 'आई'सुद्धा म्हणत नव्हता. काही हवं असलं की बोट धरून ओढत न्यायचा.

"अविनाशही उशिराच बोलला होता ना, तुम्हीच सांगता," मेधा म्हणाली.

"बोलत नव्हता. पण हाक मारली की बघायचा."

बस, एवढंच. त्यानंतर सुशीलाबाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही. पण मेधाच्या डोक्यात तो जो शिरला तो शिरलाच. अविनाश ऑफिसला गेला आणि सासूबाई आंघोळीला गेल्या की ती चिन्मयच्या मागे जाऊन उभी राही आणि स्टीलच्या थाळीवर पळी आपटे. एकदा, दोनदा, पाचदा. तो आपल्या डब्यांत गुंग. टीव्हीवर केबलच्या जाहिराती लागल्या की शेजारची पोर दारातून धावत येई. हा पाठ करून बसलेला असे.

पाचव्या दिवशी तिने अविनाशला सांगितलं. त्याने कोठीतल्या एका कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. ती मिळाली सहलीनंतरच्या सोमवारची.

तोवर घरात बोलणं चालू होतं, पण ते पोळी वाढू का, आणि पाणी आलं का, एवढंच. मेधाला सासूबाईंचा राग येत होता. तो अन्यायाचा आहे हे तिला कळत होतं, आणि त्यामुळे तो अधिकच येत होता. जणू त्यांनी विचारलं नसतं तर ते खरं झालं नसतं. दुपारी चिन्मयला मांडीवर घेऊन ती थोपटायला लागे, सवयीने गाणं ओठावर येई आणि मध्येच थांबे. वर्षभर गायलेली गाणी गेली कुठे? ह्याच्यापर्यंत पोचलीच नसतील तर ती नुसतीच खोलीत विरली का?

"मी नाही येत सहलीला," शनिवारी ती म्हणाली. "तुम्ही दोघं जाऊन या."

"घरी बसून सोमवार लवकर येणार आहे का?" सुशीलाबाई म्हणाल्या. "पोराला वारा लागेल. तुलाही लागेल. चल."

*

बसमध्ये पंचवीसेक माणसं होती, बहुतेक मुंबई-पुण्याकडून नोकरीसाठी आलेली नवी बिऱ्हाडं. उमाजीराव पुढच्या पायरीवर उभे राहून बोलत होते. सत्तरीचे, पांढरा शर्ट, काखेत छत्री. चार पिढ्या हैदराबादेत गेलेलं त्यांचं घराणं, आणि त्यांच्या मराठीलाही या गावाचं पाणी लागलेलं.

बस हुसेनसागरच्या बांधावर थांबली. "उतरा. समुद्र आला."

"हा तर तलाव आहे," डोंबिवलीचे एक गृहस्थ म्हणाले.

"नावातच सागर आहे, साहेब. ह्या काठाला हैदराबाद, त्या काठाला सिकंदराबाद. झाली की नाही समुद्रकाठची दोन गावं?"

"आणि भरती-ओहोटी?"

"हौ, आहे ना. ओहोटी मे महिन्यात, भरती गणपती विसर्जनाला."

सगळे हसले. अविनाशही हसला. मेधा चिन्मयकडे बघत होती. तलावातल्या बुद्धाच्या मूर्तीकडे तो टक लावून बघत होता. मागून बसच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला, दोन बायका दचकून बाजूला झाल्या. चिन्मय बुद्धाकडेच बघत राहिला. मेधाने ते पाहिलं, आणि तिने पाहिलेलं सुशीलाबाईंनी पाहिलं. दोघींनीही नजर पाण्याकडे वळवली.

"डोंगरावरचे महाल दोन," बस पुढे निघाल्यावर उमाजीराव सांगत होते. "एक फलकनुमा. तो लांबूनच बघायचा, आत कोणाला सोडत नाहीत. दुसरा गोवळकोंड्याची बारादरी. तिथे राजा-रंक सगळ्यांना सोडतात, फक्त पाय पाहिजेत. पावणेचारशे पायऱ्या आहेत."

*

गोवळकोंड्याच्या आतल्या दरवाज्याशी घुमटाखाली एक विशिष्ट जागा आहे. तिथे उभं राहून टाळी वाजवली तर ती वर, डोंगराच्या माथ्यावर, बारादरीत ऐकू येते. खाली कोण आलंय याची खबर वरच्या पहाऱ्याला टाळीने मिळायची, असं उमाजीराव म्हणाले, आणि त्यांनी स्वतः एक टाळी ठणकावून वाजवली.

घुमटातून ती कडकड करत परत आली. मग काय, झाडून सगळ्यांनी वाजवायला सुरुवात केली. पोरांना तर ऊत आला. दुसऱ्या दोन सहलींची माणसंही तिथेच होती, त्यांचाही गोंगाट. त्या सगळ्या कल्लोळात चिन्मय मेधाच्या कडेवरून भिंतीतल्या कोनाड्यात बसलेल्या पारव्याकडे बघत होता. उमाजीरावांनी मुद्दाम त्याच्या जवळ येऊन टाळी वाजवली. "काय रे नवाब, पारवा पाहिजे का?"

चिन्मयची पापणी हलली नाही.

"रुसलेत वाटतं," म्हणत उमाजीराव पुढे गेले. एवढी मोठी टाळी, एवढी जवळ. उद्या डॉक्टर काय सांगणार हे तिला आजच कळल्यासारखं झालं.

"आता गुडघेवाले हात वर करा," उमाजीरावांनी पुकारा केला. तीन हात वर झाले, त्यातला एक सुशीलाबाईंचा. "शाब्बास. तुम्ही माझी खालची माणसं. वर आम्ही पोचलो की खालून टाळी कोणी द्यायची? पगारी माणूस मी ठेवत नाही, त्यात मजा नाही. आपल्याच माणसाची टाळी वर ऐकायची. बाई, तुमच्याकडे घड्याळ आहे ना? बरोब्बर साडेअकराला तीन टाळ्या. एकेक मिनिट थांबून. तोवर बसा, च्या प्या."

सुशीलाबाई दगडी ओट्यावर बसल्या. मेधा निघणार, तेवढ्यात त्यांनी तिचा पदर धरला.

"मेधा, वर गेलीस की त्याला कडेवर घेऊन उभी राहा. माझ्या बाजूला पाठ कर. त्याला खालचं काही दिसता कामा नये."

"आई, इथेसुद्धा?" मेधा म्हणाली. "उद्या डॉक्टर बघणारच आहेत ना? आजचा दिवस तरी राहू द्या."

"राहू देऊ कसा?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि पदर सोडला.

शंभरएक पायऱ्यांनंतर अविनाशने चिन्मयला घेतलं. दोन्ही बाजूंना पडक्या भिंती, खाली पसरलेलं गाव, वर कडक ऊन.

"मीही बघितलं होतं," अविनाश एकदम म्हणाला. "मागच्या शनिवारी. जिन्याखाली ह्याला उभा केला आणि मागून स्कूटरचा हॉर्न दिला."

मेधा थांबली. "मग?"

"मग काय. खडे वेचत बसला."

"मला सांगितलं नाहीस."

"तू थाळीचं कुठे लगेच सांगितलंस?"

"तुला कसं कळलं थाळीचं?"

"पळीला पोचा आलाय. आमटी वाढताना कळतं."

तिला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडूही. त्याने रिकाम्या हाताने तिचं मनगट धरलं आणि पुढच्या पायऱ्या ते तसेच चढले.

*

बारादरीच्या गच्चीवर वारा होता. आणि शांतता. दीड वर्षात आपण इतकी शांतता ऐकली नाही, असं मेधाला वाटून गेलं. उमाजीराव छत्रीच्या टोकाने क्षितिज दाखवत होते. ते कुतुबशाही मकबरे. तो धुरकट दिसतोय ना, तो चारमिनार. त्याच्याही मागे, दक्षिणेला, टेकडीवर पांढरा ठिपका, तो फलकनुमा. आणि पूर्वेला बघा, तिकडे सरळ गेलात तर मछलीपट्टण, गोवळकोंड्याचं खरं बंदर, हिरे तिथून जहाजात चढायचे. ते फक्त दिसत नाही.

"समुद्र शेवटी दिसला नाहीच," डोंबिवलीकर म्हणाले.

"सबर करा, साहेब. आता ऐकायचं आहे. अकरा एकोणतीस झाले. कोणी बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही."

मेधाने चिन्मयला कडेवर घेतलं. सासूबाईंनी सांगितल्याप्रमाणे पाठ करायची नाही, असं तिने चढताना ठरवलं होतं. पण पाय आपोआप वळले. चिन्मयचं तोंड मकबऱ्यांकडे, अंगठा तोंडात, डोकं तिच्या खांद्यावर. त्याच्या जावळाला घामाचा वास येत होता.

पहिली टाळी आली तेव्हा कोणाचं तरी पोर रडत होतं. "आली, आली," "कुठे, मला नाही आली," अशी कुजबुज झाली. मेधाला स्वतःलाच ती नीट कळली नाही. पण खांद्यावरचं डोकं उचललं गेलं होतं.

डोकं तर तो दिवसातून शंभर वेळा उचलतो, तिने स्वतःला समजावलं.

"गप," उमाजीराव दबक्या आवाजात म्हणाले.

मिनिट गेलं. ते किती लांब होतं हे फक्त तिला माहीत. मग शेंगेचं टरफल फुटावं एवढा आवाज आला, पण स्वच्छ. चिन्मयने अंगठा तोंडातून काढला.

अविनाश समोर येऊन उभा राहिला होता, तो तिच्याकडे नाही, पोराकडे बघत होता.

तिसऱ्या टाळीला मिनिट व्हायचं होतं, ते झालंच नाही. मध्येच टाळ्या सुरू झाल्या. एक नाही, तीन नाही. दोन संथ, तीन भरभर. दोन संथ, तीन भरभर. थांबायचं नाव नाही.

"ही कोण बाई?" उमाजीराव छत्री टेकत पुटपुटले. "तीन सांगितल्या होत्या."

माणसं हसायला लागली. मेधाला मात्र तो ठेका ओळखीचा होता. तारनाक्याच्या घरात गेले बारा दिवस रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर सुशीलाबाई देवापुढे आरती म्हणत, आणि त्यांच्या समोर फतकल मारून बसलेला चिन्मय त्यांच्याबरोबर टाळ्या वाजवी. अगदी ठेक्यात. मेधाला वाटायचं, बघून वाजवतो. आजीचे हात हलतात तसे हलवतो. त्यात ऐकण्याचा काय संबंध.

आता तर आजी दिसत नव्हती. आजी डोंगराच्या पायथ्याशी होती, आणि मेधाची पाठ तिच्याकडे होती.

चिन्मयने मान फिरवली. आईच्या खांद्यावरून मागे, खाली, जिथून आवाज येत होता बरोबर तिकडे. इकडेतिकडे बघितलं. मग अंगठ्याची लाळ लागलेले दोन्ही हात त्याने मेधाच्या कानाशी आणले आणि वाजवले. दोन संथ. तीन भरभर.

खालून पुन्हा आल्या. त्याने पुन्हा वाजवल्या.

अविनाश खाली कठड्यावरच बसला. डोंबिवलीकरांची बायको विचारत होती, काय झालं हो, चक्कर आली का, पाणी देऊ का. मेधाने मान हलवली. ती हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी चाललं होतं. चिन्मयला ते आवडलं नाही. तो ओल्या हाताने तिचं तोंड बाजूला सारत होता. त्याला टाळ्या ऐकायच्या होत्या.

*

उतरताना पावणेचारशे पायऱ्या कशा संपल्या हे तिला कळलं नाही. सुशीलाबाई ओट्यावर बसल्या होत्या. दोन्ही तळवे लाल झाले होते, ते त्या पदराला पुसत होत्या, जणू पुसून लाली जाणार होती. चढणाऱ्या-उतरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होत्या. हे दोघं दिसले तशा उठायला गेल्या आणि गुडघ्याने पुन्हा बसवलं.

"ऐकू आलं का गं?" त्यांनी विचारलं. कोणाला, ते विचारलं नाही.

मेधाने चिन्मयला त्यांच्या मांडीत ठेवलं आणि शेजारी बसून त्यांचे तळवे हातात घेतले. ते अजून गरम होते.

"त्याने वाजवल्या, आई," अविनाश म्हणाला. "तुझ्या मागोमाग. वळून बघितलं आणि वाजवल्या."

सुशीलाबाईंनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "बारा दिवस मी त्याच्यापुढे बसून टाळ्या वाजवतेय. रोज वाटायचं, ऐकून वाजवतो. आणि रोज वाटायचं, बघून वाजवतो. ते कळायचं तर मी दिसता कामा नये, आणि टाळी त्याच्या ओळखीची हवी. उमाजीरावांच्या तीन टाळ्यांनी त्याला काय कळणार होतं?"

"मला सांगायचंत," मेधा म्हणाली.

"सांगितलं असतं आणि नसतं ऐकलं त्याने, तर? तुझ्याच कडेवर होता तो."

मेधाने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. दहा दिवसांचा राग कुठे गेला, तिला शोधूनही सापडला नसता.

उमाजीराव मागून येऊन उभे होते. "बाई, माझं टाइमटेबल बिघडवलंत."

"हो का?" सुशीलाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "तुम्ही समुद्र तरी कुठे दाखवलात?"

*

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा सगळे थकले होते. मेधाने खिचडी टाकली. सुशीलाबाई पाय पसरून बसल्या, चिन्मय डब्यांकडे परतला. मागून मालगाडी आली. खिडकीची तावदानं थरथरली, मांडणीतली भांडी किणकिणली, इंजिनाने कर्कश शिट्टी दिली. अविनाश काहीतरी सांगत होता, तो वाक्याच्या मध्यावर थांबला, गाडी जाऊ दिली आणि तिथूनच पुढे बोलायला लागला.

मेधा झारा हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "अविनाश," ती म्हणाली, "आत्ता गाडी गेली."

"मग? रोज जाते."

"तू वळून बघितलंस?"

"कशाला बघू?"

"आईंनी?"

"मी आले तेव्हा दोन दिवस दचकत होते," सुशीलाबाई म्हणाल्या, आणि बोलता बोलताच थांबल्या.

तिघांनी चिन्मयकडे बघितलं. तो चार महिन्यांचा असल्यापासून या घरात होता. दर पंधरा मिनिटांनी इथे भिंती हलत, आणि त्या आवाजातून कधी काही निघत नसे. कोणी येत नसे, कोणी खाऊ देत नसे, मोठी माणसंसुद्धा मान वर करत नसत. अशा घरात मागे थाळी वाजली तर कोण कशाला वळेल? आणि हाक तरी कशी मारत होतो आपण? दिवसभर, गाडीच्या आणि टीव्हीच्या वरताण ओरडून.

मेधाने टीव्ही बंद केला. मग ती पोराजवळ जाऊन बसली. इतके दिवस दुपारी मध्येच सोडून दिलेलं गाणं तिने हळू आवाजात पुन्हा धरलं. तो डबे लावत राहिला, पण लावता लावता सरकत सरकत तिच्या मांडीला येऊन टेकला.

सोमवारी ते कोठीला गेलेच. डॉक्टरांनी दार लावून घेतलं, चिन्मयच्या मागे उभं राहून आधी खुळखुळा हलवला, मग छोटी घंटा, मग नुसता कागद चुरगळला. तिन्ही वेळा तो वळला. चौथ्या वेळी वैतागून वळला. "कान उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले. "बोलेल. घरात शांतपणे, समोर बसून बोलत जा. दोन महिन्यांनी पुन्हा दाखवा."

खाली रस्त्यावर आल्यावर अविनाश ऑफिसला पळाला. दोघी फूटपाथवर उभ्या राहिल्या, जुन्या पुस्तकांच्या ढिगाशेजारी, मेधाच्या कडेवर पोर.

"आता घरी?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"काल मी काहीच बघितलं नाही, आई," मेधा म्हणाली. "तो समुद्र पुन्हा बघू या का?"

रिक्षाने त्या हुसेनसागरच्या बांधावर गेल्या. ऊन कोवळं होतं, पाण्यावर बारीक लाटा होत्या, आणि मेधाने पहिल्यांदाच पलीकडचं गाव नीट पाहिलं. चिन्मयला खाली सोडलं. त्याच्या मुठीत चुरमुरे होते, ते तो एकेक करून कबुतरांना टाकत होता.

"चिनू," मेधाने मागून हळूच हाक मारली.

त्याने बघितलं नाही. एक चुरमुरा टाकला. दुसरा स्वतःच्या तोंडात घातला.

मेधाने सासूबाईंकडे बघितलं.

"आलंय त्याला ऐकू," सुशीलाबाई शांतपणे म्हणाल्या. "बापही असाच. कामात असला की देव जरी हाका मारत आला तरी बघायचा नाही."

मेधा हसली. तिने दुसरी हाक मारली नाही. दोघी कठड्यावर टेकून बसल्या आणि त्याचे चुरमुरे संपायची वाट बघत राहिल्या.